मनाली-लेह: साडेतीन हजारांचे दोन बोल्ट

हिटर लावल्यावर काचेवर तेलकट धुकं आलं आणि गाडीत गोडसर वास सुटला, तर मेकॅनिक शोधायच्या आधी ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरचा गालिचा हाताने दाबून बघा. ओला, चिकट लागला तर हिटर कॉइल (इंजिनाच्या गरम पाण्यावर तापणारी हिटरची जाळी) फुटली समजा. पुण्यात हिटर कोण लावतो? कूलंट (इंजिनाच्या पाण्यात मिसळायचं, न गोठणारं द्रव) महिनाभर थोडं थोडं कमी होत होतं, मी दुर्लक्ष केलं. पुणे-मनाली चार दिवस मजेत गेले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मनालीत पहिल्या थंड सकाळी हिटर लावला आणि बायकोचे मोजे भिजले.

मेकॅनिक म्हणाला, कॉइल बदलायला सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, दोन दिवस जातील. हे खरंच आहे. फसवणूक पुढे आहे. "हीटर बंद कर देते हैं, गर्मी का मौसम है," म्हणत त्याने हेडकडून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाकडून, येणारा आणि वॉटर बॉडीकडे जाणारा (वॉटर पंपाला तिकडे वॉटर बॉडी म्हणतात) असे दोन्ही होज (रबरी नळ्या) हिटरपासून काढले, दोन्हींच्या तोंडात एकेक बोल्ट कोंबला, क्लिपा आवळल्या आणि साडेतीन हजार घेतले. काम पंधरा मिनिटांचं. पहाटे निघायचं होतं म्हणून मीही दिले.

अटल बोगद्यापासूनच टेंपरेचरचा काटा विचित्र वागायला लागला. हळूहळू चढायचा, लाल रेषेजवळ जायचा आणि धपकन खाली यायचा. कारण आता कळतं. आमच्या इंजिनात थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बंद असताना पाणी फिरतं ते हिटरच्याच वाटेने. ती वाट बुजवली की गरम पाणी थर्मोस्टॅटपर्यंत वेळेवर पोचत नाही आणि तो उशिरा उघडतो. सगळ्या गाड्यांत असं नसतं, पण तुमच्या गाडीत नाहीच याची खात्री नसेल तर होज बुजवू नका.

जिस्पा, बारालाचा, सरचू, सगळं ठीक. सरचूला जूनमध्येही रात्री बादलीतलं पाणी गोठलं, एवढं लक्षात ठेवा.

गाटा लूप्सची एकवीस वळणं संपवून नकी लाच्या (ला म्हणजे खिंड) चढाला लागलो आणि बॉनेटखाली फट्कन आवाज झाला. समोरची काच पांढरी. हेडकडच्या होजमधला बोल्ट दाबाने उडाला होता, गुळगुळीत दांड्यावर क्लिप किती धरणार? मोबाइलला रेंज नाही, गॅरेज नाही, वारा असा की बॉनेट धरून उभं राहावं लागलं. मेहुणा रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात मी ओरडलो. त्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी पंचाऐंशी अंशाच्या आसपासच उकळतं, म्हणजे काटा अगदी जागेवर असला तरी झाकण काढताच पाणी तोंडावर येणार. तासभर थांबा. आम्ही सव्वा तास थांबलो, डोकं दुखत होतं, एकमेकांशी बोललो नाही.

मग मेहुणाच म्हणाला, "दाजी, हा लांब होज वळवून थेट वॉटर बॉडीला पोचतोय की!" पोचत होता. हेडकडचा होज तोच, नुसता वळवून पंपाच्या नळीवर चढवला आणि त्याच क्लिपने आवळला. कॉइल वगळली गेली, पाण्याची वाट मात्र चालू राहिली. एक स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, नवा पार्ट शून्य. हेच काम मनालीत फुकट झालं असतं! असं कराल तेव्हा होज कुठे मुडपत नाही ना, फॅनबेल्टला घासत नाही ना, हे बघा. तुमचा होज पुरत नसेल तर मनालीतच त्याच मापाचा मीटरभर होज आणि चार क्लिपा घ्या.

तीन लिटर सांडलं होतं. जवळचं एक लिटर कूलंट आणि दोन लिटर प्यायचं पाणी घातलं. निघताना कूलंट आणि पाणी अर्धं-अर्धं भरलेलं होतं म्हणून पांगच्या रात्री इंजिन गोठलं नाही. मनालीत कोणी नुसतं पाणी ओतत असेल तर त्याचा हात धरा. भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा आणि होज दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत.

यानंतर काटा हलला नाही. तांगलांग लावर, ५,३२८ मीटरवर, मी बॉनेटचा मुका घेतला, फोटो आहे.

हिटर नसल्याचे दोन त्रास सांगून ठेवतो. चढावर इंजिन तापलं की हिटर पूर्ण सोडून उष्णता ओढायची युक्ती आता चालत नाही, त्यामुळे खालच्या गिअरमध्ये, एसी बंद ठेवून चढा. आणि काच धुरकटते. एसीने काच पुसावी तर कडाक्याच्या थंडीत त्याचा कंप्रेसरही चालू होत नाही, मग दोन्ही खिडक्या बोटभर उघड्या आणि हातात फडकं. बायको लेहपर्यंत स्लीपिंग बॅगेत पाय घालून बसली होती, आणि कॉइलचा विषय तिने अजून सोडलेला नाही.