डॉनीची आई

रविवार, रात्री उशिरा

आज परत 'डॉनी डार्को' हा सिनेमा लावला. (शेवट सांगणार आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी पाहून यावं.)

ऑक्टोबर १९८८, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचं मिडलसेक्स नावाचं उपनगर. झोपेत चालणाऱ्या डॉनीला सशाचा भेसूर मुखवटा घातलेला फ्रँक घराबाहेर बोलावतो आणि जग बुडायला २८ दिवस, ६ तास, ४२ मिनिटं, १२ सेकंद उरलेत म्हणून सांगतो. इकडे डॉनीच्या खोलीवर विमानाचं इंजिन कोसळतं. ते कुठल्या विमानाचं, हे सरकारी माणसांनाही कळत नाही.

कॉलेजात असताना आम्ही या कालप्रवासाच्या कोड्यामागे लागलो होतो. वहीत बाण, वर्तुळं, काय नि काय! या खेपेला मात्र माझं सगळं लक्ष रोझकडे, डॉनीच्या आईकडे. मेरी मॅक्डॉनेलने ती इतकी आवाज न चढवता केलीय की पूर्वी नजरेतून निसटलीच. पोरगा औषधं टाळतो, तोंडावर शिवी देतो. ती दुखावते, पण कांगावा नाही. पुढे एकदा तोच विचारतो, असा वेडा मुलगा असणं कसं वाटतं गं? छान वाटतं, म्हणते. तेवढंच. डॉक्टर, मास्तरीण, भीती आणि प्रेम अशी एका रेघेवर जगाची वाटणी करणारा तो जिम कनिंगहॅम (पॅट्रिक स्वेझीने काय झकास केलाय!), सगळ्यांकडे पोराला दुरुस्त करायचा उपाय आहे. हिच्याकडे नाही.

आणि ते इंजिन? धाकट्या सॅमँथाच्या नाचाच्या चमूबरोबर रोझला आयत्या वेळी लॉस एंजेलिसला जावं लागतं. परतीच्या त्याच विमानाचं इंजिन निखळतं. शेवटी काळ मागे फिरतो आणि डॉनी ते इंजिन अंगावर घ्यायला अंथरुणात हसत पडून राहतो, ते ग्रेचनसाठी, त्याच्या मैत्रिणीसाठी, असंच सगळे म्हणतात. पण आई आणि बहीणही वाचतात की! अर्थात वाचलेल्या आईच्या वाट्याला काय येतं, ते अंगणात दिसतंच.

२००४ साली दिग्दर्शक रिचर्ड केलीने स्वतःची लांबलेली आवृत्ती काढली. तीत सिनेमातल्या म्हाताऱ्या रोबर्टा स्पॅरोच्या कालप्रवासावरच्या पुस्तकाची पानं पडद्यावर येतात, नियम समजावतात, आणि डॉनीच्या गोळ्या नुसत्याच दिखाऊ होत्या असंही डॉक्टरीणबाई सांगून टाकतात. मला ते अजिबात रुचत नाही. गोळ्या खऱ्या असतील तर पोरगा आजारी की द्रष्टा, हा प्रश्न शेवटपर्यंत टोचत राहतो, आणि रोझची घालमेलही त्यातलीच. तो काटाच काढून टाकायचा? दिग्दर्शकाला आपला सिनेमा प्रेक्षकांपेक्षा जास्त कळतो, असं काही नसतं.

भाची विचारत होती कुठला बघू. २००१ चाच बघ म्हटलंय, आणि आईबरोबर बघू नकोस.