सायबाच्या फेस्ताला, चोर्ल्याच्या वाटेने

नोव्हेंबरच्या अखेरीस बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात भाताची मळणी उरकत येते आणि आमच्या कॅथलिक घरांतून जुन्या गोव्याला पायी जाण्याची बोलणी सुरू होतात. संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण, म्हणजे आमच्याकडचे सायबाचे फेस्त, ३ डिसेंबरला असते. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे सणाआधीची रोजची प्रार्थना, चालतो आणि या दिवसांत घाटावरून कोकणात उतरणारे यात्रेकरूंचे जथे रस्त्यात ठिकठिकाणी भेटतात. आमची वाट ठरलेली आहे : जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी, आमोणे, माशेल, बाणस्तारी आणि जुने गोवे. पंढरीच्या वारीशी तिची बरोबरी करण्याचे धाडस मी करणार नाही, कारण त्या परंपरेला शतके लोटली आहेत आणि तिची शिस्तही वेगळी आहे. पण आमचे शेजारीच आम्हांला ‘वारीला निघालात का’ असे विचारतात, तेव्हा मीही वारीच म्हणते.

निघताना प्रत्येक वेळी एक प्रश्न हमखास येतो. मी मराठी शाळेत शिकवत असल्यामुळे सगळे मला बाईच म्हणतात. “बाई, कसला नवस बोललाय ओ?” नवस फेडायला चालणाऱ्यांना मी कधी नावे ठेवली नाहीत. कुणाचे मूल दवाखान्यातून सुखरूप घरी आलेले असते, कुणाच्या मुलीचे लग्न अडलेले असते, आणि अशा माणसाच्या पायांत जे बळ येते ते प्रवचनाने येत नाही. मात्र माझ्या चालण्याचा हिशेब तसा नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी मी पाळण्यातले मूल होते, काही कमावले नव्हते, काही गमावलेही नव्हते, आणि त्याच दिवशी ‘तू देवाचे लेकरू आहेस’ असे मला सांगितले गेले. जे आधीच मिळालेले आहे ते मिळवण्यासाठी शंभर किलोमीटर चालणे निरर्थक आहे. पण ज्याने ते दिले त्याच्याकडे चालत जाणे निरर्थक नाही. एवढा फरक समजायला मला बरीच वर्षे लागली, आणि तो पुस्तकापेक्षा या रस्त्यावर अधिक समजला.

यंदा आमच्यात बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, उभे आयुष्य काढलेले एक गृहस्थ होते. त्यांना सगळा जथा दादा म्हणतो. कारखाना बंद झाला, थकबाकी मिळाली नाही, आणि पन्नाशी उलटलेल्या मोल्डरला नवे काम कोण देणार? कडेला तडा गेलेले आणि फोटो पुसट झालेले कारखान्याचे प्लास्टिकचे ओळखपत्र ते अजूनही शर्टाच्या खिशात बाळगत होते. मी सहज त्याकडे पाहिले, तेव्हा ते म्हणाले, “बाई, हे टाकून दिलं तर मी कोण म्हणून सांगू?” हा प्रश्न त्यांनी थट्टेत विचारला असला तरी मला तो पुढे कितीतरी वेळ सोडत नव्हता.

आपण कोण, हा प्रश्न सीमाभागात राहणाऱ्यांना नवा नाही. घरी एक बोली, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड, चर्चच्या नोंदवहीत पोर्तुगीज वळणाचे आडनाव, आणि शिवाय बेळगाव कुणाचे हा १९५६ पासूनचा वाद. त्यामुळे कुठल्याही कार्यालयात अर्ज भरताना आमच्यातल्या माणसाला स्वतःची थोडी उलटतपासणी द्यावीच लागते. मराठीपणाचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. तरीही ज्या ओळखी माणसे देतात त्या माणसे काढूनही घेऊ शकतात, हे दादांकडे पाहून कळत होते. नोकरीची ओळख कारखान्याचे दार बंद झाले की संपते, आणि नकाशावरची रेषा तर झोपेतही बदलू शकते.

जांबोटी मागे टाकल्यावर रस्त्यालगतच्या एका खळ्यावर मळणी चालली होती. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या एका वृद्धाने आम्हांला थांबवले, तांब्याभर पाणी आणि ओंजळभर शेंगदाणे-गूळ दिला आणि विचारले, “काय मागणं घेऊन चाललाय?” दादा म्हणाले, “मागणं न्हाई मामा, भेटायला चाललोय.” त्यावर तो वृद्ध म्हणाला, “मग बरोबर हाय. आम्ही बी तेवढ्यासाठीच जातो.” दोन्ही श्रद्धा एकच आहेत असे मी म्हणणार नाही; त्या एक नाहीत, आणि तसे म्हटल्याने कुणाचाच मान राहत नाही. पण दादा काय म्हणत होते ते आमच्यातल्या अनेकांच्या आधी त्या माळकऱ्याला कळले, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

कणकुंबी हे मलप्रभेच्या उगमाचे गाव. भोवती दाट रान असून त्यात अस्वलांचा वावर आहे, म्हणून अंधार पडल्यावर आम्ही पुढे जात नाही. त्या मुक्कामी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाल्यावर आमच्या धर्मशिक्षकांनी बायबलमधील प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातला आठवा अध्याय वाचला. ख्रिस्ताने आपल्यावर प्रीती केली म्हणून आपण महाविजयी ठरतो, हे त्यातले वचन आमच्याकडच्या कितीतरी घरांच्या भिंतीवर टांगलेले आहे. भिंतीवरच्या पाटीवर मात्र त्याच्या आधीच्या ओळी नसतात. संकट, क्लेश, छळ, उपासमार, नग्नता, धोका, तलवार अशी सगळी यादी पौल आधी देतो, आणि विजय या गोष्टींनंतर नव्हे तर या गोष्टींत आहे असे म्हणतो. हे लिहिणारा माणूस सुखवस्तू नव्हता. तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा गलबत फुटणे हे त्यानेच करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात नोंदवले आहे. आणि देहातला काटा काढून टाक अशी त्याने तीनदा विनवणी केल्यावरही काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरेशी आहे एवढेच उत्तर आले.

मला येथे थोडे स्पष्ट बोलायचे आहे. हल्ली मांडव घालून, ध्वनिक्षेपक लावून जो ‘विजयी जीवना’चा उपदेश होतो, त्यात विजय म्हणजे कर्ज फिटणे, व्हिसा मिळणे, दुखणे पळणे असा अर्थ बिनधास्त लावला जातो. देव या गोष्टी करीत नाही असे मी म्हणत नाही, आणि मीही त्या मागते. पण ज्याचे दुखणे गेले नाही, त्याचा विश्वास कमी पडला असे त्याच्या तोंडावर सांगणे मला क्रूर वाटते. मग पौलालाही हरलेलाच म्हणावे लागेल. दादांना गेल्या वर्षी कुणीतरी असेच सांगितले होते, आणि त्यानंतर ते कित्येक महिने चर्चच्या पायरीवरूनच परत जात असत.

ज्यांच्याकडे आम्ही चाललो होतो त्या संताचे चरित्रही याच बाजूने साक्ष देते. झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नावारा राज्यातील हावियेरच्या गढीत झाला. स्पेन आणि फ्रान्स यांच्या कचाट्यात सापडलेले ते चिमुकले राज्य १५१२ साली स्पेनच्या ताब्यात गेले. १५१५ साली वडील वारले आणि १५१६ साली घराण्याच्या गढीचे बुरूज पाडण्यात आले. थोरले भाऊ हरलेल्या पक्षाकडून लढत राहिले. १५२१ साली पाम्प्लोना येथे त्यांच्या विरुद्ध बाजूने लढताना तोफेच्या गोळ्याने ज्याचा पाय मोडला, तो सरदार म्हणजे इग्नेशियस लोयोला. काही वर्षांनी पॅरिसच्या एका महाविद्यालयात हाच इग्नेशियस झेवियर यांच्या खोलीत राहायला आला, आणि १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर दोघांनी इतर सोबत्यांसह एकत्र व्रत घेतले. राज्य गेले, गढी गेली, शत्रुपक्षातला माणूस सोबती झाला. सीमेवरच्या वाचकाला हे चरित्र वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

झेवियर यांचे सगळेच मला मान्य आहे असे नाही. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाचा तपास करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, आणावे अशी विनंती त्यांनी १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्राने केली होती. ते त्यांच्या मृत्यूनंतर १५६० साली आले आणि त्याच्या जाचाने गोवा सोडणाऱ्यांत हिंदू होते तसेच ख्रिस्तीही होते. आमच्या भागातल्या कितीतरी कॅथलिक कुळांचे मूळ गोव्यातच आहे, म्हणजे पूर्वज घाट चढून आले आणि आम्ही तो उतरून दर्शनाला जातो. संत हा निर्दोष असतो म्हणून नव्हे, तर देवाने त्याला धरून ठेवले म्हणून संत असतो, अशी मी माझी समजूत घालते.

चोर्ला घाटाच्या परिसरात कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या हद्दी जवळ येतात. पहाटे धुके इतके होते की पुढच्याच्या पाठीवरची चमकणारी पट्टी तेवढी दिसत होती. ट्रकचा आवाज आला की सगळ्यांनी एका कडेला यायचे आणि जपमाळेतली ‘नमो मरिया’ तेवढ्यापुरती थांबवायची, असा आमचा नियम आहे. चढापेक्षा उतार वाईट, हे चालणारा प्रत्येक जण सांगेल. बोटे बुटाच्या टोकाला आपटतात आणि गुडघे बोलू लागतात. केरीला पोहोचेपर्यंत माझ्या टाचेला सुपारीएवढा फोड आला होता. जथ्यातल्या परिचारिकेने काडीच्या ज्योतीवर सुई धरली, खोबरेल तेलात भिजवलेला पांढरा दोरा फोडातून आरपार ओवला आणि दोन्ही टोके बाहेर लोंबती ठेवली. रात्रभर पाणी झिरपले, कातडी फाटली नाही, आणि सकाळी दुखत असले तरी टाच टेकवता आली. साखळी ते बाणस्तारी या टप्प्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. ऊन होते, रहदारी होती, आणि मी बहुतेक वेळ पायाकडे पाहत चालत होते.

जुन्या गोव्यातील बासिलिका ऑफ बॉम जेझूस बाहेरून गिलाव्याविना, उघड्या जांभ्या दगडाची आहे. १६०५ साली तिचे पवित्रीकरण झाले. चांदीच्या पेटीतले झेवियर यांचे शरीर उंचावर असते, त्यामुळे खालून जाणाऱ्या रांगेला मान वर करून पाहावे लागते. त्या शरीराचा उजवा हात कोपरापासून खाली तिथे नाही. १६१४ साली तो वेगळा करून रोमला नेण्यात आला, कारण असंख्य लोकांना बाप्तिस्मा देणारा तो हात होता. हे मी रांगेत दादांना सांगितले, तेव्हा त्यांनी बराच वेळ वर पाहिले आणि मग विचारले, “चीनला पोचले काय हे?” मी म्हटले, नाही. चीनमध्ये उतरवून देण्याचे कबूल केलेला व्यापारी आलाच नाही. चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर, अंतोनियो नावाचा एक चिनी सोबती उशाशी असताना, ३ डिसेंबर १५५२ रोजी तापाने ते वारले. वय ४६. “म्हणजे काम अर्धवटच राहिलं,” दादा म्हणाले. त्या दिवसाचा हिशेब मांडला असता तर कुणीही झेवियर यांना हरलेलेच ठरवले असते, असे मी म्हणाले. रांग पुढे सरकली आणि आमचे बोलणे तिथेच राहिले.

फेस्ताची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आटोपून आम्ही बसने परतलो. दादांना काम मिळालेले नाही. ते भाड्याची रिक्षा चालवतात. रविवारी सकाळी मात्र चर्चच्या मागच्या खोलीत पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची, तयारी करणाऱ्या मुलांना ते शिकवू लागले आहेत. मुले त्यांच्यापुढे बऱ्यापैकी दंगा करतात आणि ते रागावतातही. थकबाकीचा दावा त्यांनी सोडलेला नाही, आणि सोडू नये असे माझेही मत आहे. विश्वास ठेवणाऱ्याने आपला हक्क मागू नये, असे कुठे लिहिलेले नाही. पुढची तारीख जानेवारीत आहे. वकिलाकडे द्यायची कागदपत्रे मराठीतून कन्नडमध्ये करून देण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे.