नेट टेकडीला गेलंय

आमच्या घरातलं इंटरनेट मंगळवारी सकाळी टेकडीच्या गणपतीला जातं. तिथून सीताबर्डीत उतरून भाजी घेतं आणि ऊन चढायच्या आत परत येतं. तोवर मी लॅपटॉप उघडा ठेवून चहा पिते.

गल्लीत सिमेंटचा रस्ता व्हायला लागला की जेसीबीला सगळ्यात आधी सापडते ती ब्रॉडबँडची वायर. जोडणारा मुलगा रोज फोनवर 'येऊन राहिलो ताई' म्हणतो. मग घरात सगळ्यात जास्त डेटा शिल्लक असलेला फोन शोधायचा, त्याचा हॉटस्पॉट लावून, म्हणजे त्याचं नेट वायफायने सगळ्यांना वाटून घर चालवायचं, आणि तो फोन असतो सासूबाईंचा. रोजचे दोन जीबी, खर्च काय, तर सकाळची फुलांची चित्रं आणि दुपारी एखादं कीर्तन. उरलेलं रात्री बाराला वाया. ते वाया जाऊ नये ही जबाबदारी माझं ऑफिस, मुलाचा क्लास आणि नवऱ्याचं क्रिकेट यांनी वाटून घेतली आहे.

"आई, आज फोन ठेवून जा न," मी एकदा म्हणून पाहिलं.

"अन् ऑटोवाल्याचे पैसे तू देशील काय येऊन?"

बिनतोड. तारेतून येणारं नेट घराचं असतं, फोनातून येणारं माणसाचं. आजवर टीव्हीचा रिमोट ज्याच्या हाती तो कर्ता, असं होतं. आता आमच्याकडे कर्त्या सासूबाई आहेत आणि त्यांना ते कळलेलंही आहे. शेजारचं पोरगं 'आजी, पाच मिनिटं हॉटस्पॉट देता?' असं विरजण मागायला आल्यासारखं येतं. विरजण चमचाभरच जातं. हा पठ्ठ्या अख्खा गेम उतरवून घेतो. त्यामुळे पासवर्ड आता त्या स्वतः टाकून देतात, सांगत नाहीत.

पूर्वी फोनचं नेट कॉम्प्युटरला देणं इतकं सोपं नव्हतं. नोकियाचा फोन केबलने कॉम्प्युटरला लावायचा, पीसी स्वीट नावाचं नोकियाचं सॉफ्टवेअर उघडायचं आणि *99# डायल करायचं. त्या नंबरावर पलीकडे कुणी माणूस नसायचा. कॉम्प्युटरच्या लेखी फोन म्हणजे मोडेम, आणि मोडेम म्हटलं की नंबर फिरवायलाच हवा, म्हणून एवढा सोपस्कार. पुढे डोंगल आलं, सिम घालून कॉम्प्युटरला लावायचं पेनड्राइव्हसारखं. लांब यूएसबी वायर लावून ते खिडकीच्या गजाला टांगायचं, कारण घरात रेंज असली तर तिथेच.

पण नागपुरात एप्रिल लागला की खिडकी कूलरची. पत्र्याचा डबा, आत ओल्या ताट्या, धो धो पाणी. पत्रा टॉवरकडून येणारा सिग्नल अडवतो, आणि हॉटस्पॉटच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. म्हणजे गार वारा आणि नेट यांतलं एक निवडायचं. फोनची तऱ्हा आणखी वेगळी. तो एकीकडे टॉवरशी बोलतो, दुसरीकडे लॅपटॉपशी, आणि वरून चार्जिंगलाही लावलेला. आयफोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असं त्याच्या सूचनांत लिहिलेलं आहे. 35 अंशांना आम्ही थंडी संपली म्हणतो. मे महिन्यात आमचा हॉटस्पॉट कूलरच्या तोंडाशी, स्टीलच्या ताटलीत पालथा घातलेला असतो. केबलने जोडला तर वायफायचं काम वाचतं, वेगही स्थिर राहतो. पण मग सासूबाईंना कीर्तन माझ्या टेबलाशी बसून ऐकावं लागतं.

एक गंमत मला फार आवडते. नेटवर माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते. प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो, वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर तो एकाने कमी होतो. अँड्रॉइड फोनचं स्वतःचं पाकीट साधारण 64 वर निघतं, विंडोजचं 128 वर. फोन हाही एक नाकाच, म्हणून फोनमधून आलेलं लॅपटॉपचं पाकीट टॉवरला 127 दिसतं. अमेरिकेत हॉटस्पॉटचे वेगळे पैसे लावणाऱ्या कंपन्यांना अशा खुणांवरून चोरी पकडता येते. आपल्याकडे कुणी विचारत नाही. आमच्याकडे सासूबाई विचारतात.

ऑक्टोबर 2022 मध्ये एअरटेलने पहिल्यांदा ज्या आठ शहरांत 5जी आणलं त्यांत नागपूर होतं, याचा मला उगाच अभिमान वाटला होता. झालं इतकंच, की दिवसभर पुरणारा डेटा आता नाश्त्याला संपू शकतो. विशेषतः विंडोजला अपडेटची हुक्की आली तर. हॉटस्पॉटला 'मीटर्ड', म्हणजे मोजून मिळणारं नेट, करून ठेवलं की विंडोज बराच आवरतो. नाहीतर पॅक संपून वेग 64 केबीपीएसवर येतो, आणि त्या वेगाने एक जीबी उतरायला जवळपास 35 तास लागतात. तेवढ्यात रस्ताही होईल, असं नवरा म्हणतो. मला तसं वाटत नाही.

सध्या मोठा प्रश्न वेगळाच आहे. त्रिपुरी पौर्णिमेला सासूबाई दोन दिवस रामटेकला मुक्कामी जाणार आहेत. नवरा त्यांना नवा फोन घेऊन द्यायचं म्हणतोय, जुना घरी राहावा म्हणून. त्यांनी होकार दिला आहे. फक्त सिम नव्यात घालायचं, असं बजावून.