थंड असताना लुकलुकणारा २२ इंची मॉनिटर: पॉवर बोर्डाची नोंद

टेबलावर आहे नवी मुंबईत ऐरोलीतल्या खाडीकडच्या घरातला २२ इंची एलईडी बॅकलाइटचा (पडद्यामागच्या उजेडाचा) मॉनिटर, १९२० × १०८०, वीजपुरवठा आतच. तक्रार अशी: बटण दाबल्यावर पॉवरचा दिवा दोन-तीनदा मिचमिचतो, आतून बारीक टिक-टिक येते, मग चित्र उमटतं आणि पहिली आठ-दहा मिनिटं लुकलुकत राहतं. ब्राइटनेस ७०च्या वर नेला की जास्त, ३०वर आणला की जवळपास नाही. गरम झाला की गप्प. एसीच्या खोलीत आणि जानेवारीच्या सकाळी त्रास वाढतो.

या वर्णनातच निम्मं निदान आहे. थंड असताना लुकलुकतो आणि तापल्यावर सुधारतो, म्हणजे संशय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे, आत द्रव असलेले डबीसारखे भाग). उलट असतं, आधी नीट आणि अर्ध्या तासाने त्रास, तर कोरडं सोल्डर (नीट न धरलेला सांधा), एलईडी पट्टीतला तडा किंवा तापणारा ड्रायव्हर (एलईडींना वीज देणारं सर्किट) आधी पाहिला असता.

तरीही स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी काही गोष्टी झटपट बाद करून घ्याव्यात. मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा. मेनू स्थिर आणि मागचं चित्र तेवढं फडफडतंय, तर दोष केबल, पोर्ट किंवा ग्राफिक्स कार्डाकडे. केबल बदला, रिफ्रेश रेट ६० हर्ट्झवर आणा. डिस्प्लेपोर्टच्या स्वस्त केबलमध्ये २० नंबरची पिन दोन्ही टोकांना जोडलेली सापडते. ती जोडायची नसते, कारण तिच्यावरून ३.३ व्होल्ट उलटे दुसऱ्या उपकरणात शिरतात. गेमिंगच्या व्हीए प्रकारच्या पॅनेलवर फक्त खेळताना, फ्रेमरेट खाली आल्यावर उजेड हलत असेल तर तो व्हेरिएबल रिफ्रेशचा (फ्रेमरेटप्रमाणे रिफ्रेश रेट बदलण्याचा) गुण आहे. ते सेटिंग बंद करून पाहा. गॅस-लिफ्टच्या खुर्चीवरून उठताना स्क्रीन क्षणभर काळी होत असेल, तर हसू नका: खुर्चीत साठलेल्या स्थिर विजेचा झटका केबल पकडते. केबल जाड शील्डची आणि आखूड घेतली की बहुतेकदा थांबतं.

शेजारचा एसी सुरू होताना लुकलुकतं म्हणून महावितरणच्या नावाने बोटं मोडायचीही घाई नको. १०० ते २४० व्होल्ट चालणाऱ्या पुरवठ्याला २३०चे १९० झाले तरी फरक पडायला नको. पडत असेल तर आतला मुख्य फिल्टर कपॅसिटर थकलाय.

ब्राइटनेस कमी असताना डोळे दुखतात, पण लुकलुकणं नजरेला दिसत नाही, हे वेगळं प्रकरण. पांढऱ्या स्क्रीनसमोर पेन्सिल झपकन हलवा. एका धूसर पट्ट्याऐवजी सुट्या-सुट्या पेन्सिली दिसल्या तर बॅकलाइट पीडब्ल्यूएमने, म्हणजे वेगाने चालू-बंद करून, मंद होतोय. जुन्या एलईडी मॉनिटरमध्ये हे सर्रास होतं, साधारण २०० हर्ट्झच्या आसपास. हा बिघाड नाही, त्यामुळे दुरुस्तीही नाही. ब्राइटनेस १०० ठेवून कॉन्ट्रास्ट उतरवा, नाहीतर डीसी डिमिंगचा (चालू-बंद न करता करंट घटवून मंद होणारा) मॉनिटर घ्या.

आपल्या मॉनिटरचा मेनूही चित्राबरोबर लुकलुकत होता. खोलीत अंधार करून, उजेड बुडतो त्या क्षणी टॉर्च तिरका मारला तर चित्र जागच्या जागी शाबूत दिसलं. म्हणजे पॅनेल आणि सिग्नल ठीक, बॅकलाइटला मिळणारी वीज लडखडतेय.

उघडताना

प्लग काढा आणि निदान दहा मिनिटं थांबा. स्टँडचे स्क्रू काढून मॉनिटर मऊ टॉवेलवर पालथा ठेवा. चौकटीचे खटके खालच्या कडेपासून जुन्या एटीएम कार्डाने सोडवा. स्क्रूड्रायव्हरने प्लॅस्टिकही चेपतं आणि पॅनेलची कडही जाते. बटणांची पातळ रिबन आणि एलईडीचा कनेक्टर काढल्याशिवाय मागचा पत्रा ओढू नका.

मुख्य कपॅसिटर ८२ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचा आहे. त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात. १० किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी पाच-सहा सेकंद लावा, मग मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करण्याची हौस बोर्डाचे ट्रॅक उडवते.

काय सापडलं

१४ व्होल्टच्या रेलवर (बॅकलाइटला वीज नेणाऱ्या ओळीवर) १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे दोन कपॅसिटर. एकाचं डोकं फुगलेलं, दुसरा दिसायला ठणठणीत. काढून मोजल्यावर फुगलेल्यात २८० मायक्रोफॅरड आणि १.९ ओहम ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध, जितका कमी तितका चांगला), दुसऱ्यात ६१० आणि ०.४५ ओहम. या मापाच्या नव्या लो-ईएसआर कपॅसिटरचा आकडा १०० किलोहर्ट्झवर २० ते ४० मिलीओहमच्या घरात असतो. म्हणजे ‘ठणठणीत’ दिसणाराही गेलेलाच. मोजमाप बोर्डावर ठेवून करू नका. दोन्ही समांतर असल्याने मीटर बऱ्यापैकी जिवंत असलेल्याचं कौतुक सांगतो.

ईएसआर वाढल्याने बॅकलाइट का लुकलुकतो, हे समजून घेण्यासारखं आहे. एलईडी ड्रायव्हर १४ व्होल्ट घेऊन ते पट्टीसाठी चढवतो आणि एलईडींचा करंट कायम ठेवतो. रेल खाली आली की तेवढीच वॉट मिळवायला तो जास्त करंट खेचतो, त्यामुळे रेल आणखी खाली येते. ठरावीक पातळीखाली ड्रायव्हर स्वतःला बंद करतो, भार सुटतो, रेल वर येते, ड्रायव्हर पुन्हा चालू. हे चक्र म्हणजेच लुकलुक. ब्राइटनेस वाढवला की खेच जास्त, म्हणून त्रासही जास्त. थंडीत इलेक्ट्रोलाइट घट्ट होऊन ईएसआर चढतो. रिपल करंटने (सतत वरखाली होणाऱ्या करंटने) कपॅसिटर आतून तापला की उतरतो. म्हणून दहा मिनिटांनी शांतता.

सुरुवातीच्या टिक-टिकचा धनी मात्र दुसराच. गरम बाजूला (थेट घरच्या विजेला जोडलेल्या), हीटसिंकला खेटून एक बुटका २२ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा कपॅसिटर असतो. तो कंट्रोलर आयसीला (पुरवठा चालवणाऱ्या चिपला) तिची स्वतःची वीज पुरवतो. तो सुकला की आयसी सुरू होते, वीज पुरत नाही, बंद पडते, पुन्हा प्रयत्न करते. हा सहसा फुगत नाही, म्हणून फुगलेले तेवढे बदलणाऱ्यांच्या हातून हमखास सुटतो आणि मॉनिटर काही महिन्यांत परत येतो. इथे त्यात ६ मायक्रोफॅरड उरले होते, ईएसआर ११ ओहम. छोट्या मूल्यांचा ईएसआर मुळातच जास्त असतो, तेव्हा तुलना त्याच मूल्याच्या नव्या नगाशी करावी.

तिसरी गोष्ट गोंदाची. कारखान्यात कपॅसिटर हलू नयेत म्हणून पिवळा गोंद लावतात. वर्षानुवर्षं तापून तो तपकिरी होतो आणि दमट हवेत वीज गळू देतो, खालचा धातूचा पायही खातो. ऐरोली-घणसोलीत खाडीच्या हवेने एसीच्या कॉइल लवकर गळतात ही रडगाणी सगळ्यांनी ऐकली आहेत. तीच हवा मॉनिटरच्या जाळीतूनही आत येते. गोंद प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढला, खालची जागा ९९ टक्के आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसली. पॅनेलच्या चपट्या केबलच्या टोकांनाही तोच हात. तिथे खोडरबर नको, मुलामा निघतो.

काय बसवलं

१६ व्होल्टच्या जागी २५ व्होल्टचे १००० मायक्रोफॅरड, १०५ अंश, लो-ईएसआर, १० × २० मिमी. १४ व्होल्टच्या रेलवर १६चा कपॅसिटर म्हणजे कंपनीने वाचवलेले चार पैसे. १० मिमी व्यासाला पायांतलं अंतर ५ मिमी असतं, ८ मिमीला ३.५, त्यामुळे व्यास जुळवून घ्यावा. उंचीही मोजा: इथे जुना १६ मिमी होता, पत्र्याखाली २२ मिमी जागा, म्हणून २० चालला. ५ व्होल्टच्या रेलवरचे दोन्ही कपॅसिटर ०.०६ ओहम ईएसआरवर होते, तरी बोर्ड बाहेर आहे तर बदलून टाकले. सॉलिड पॉलिमर (आत द्रव नसलेला) कपॅसिटर बसवायचा मोह टाळला. फारच कमी ईएसआरने काही पुरवठ्यांचं फीडबॅक (व्होल्टेज सांभाळणारं सर्किट) बिथरतं.

खरेदीला दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. पाय आखूड किंवा टोकाला सोल्डरची चमक असलेला ‘नवा’ कपॅसिटर म्हणजे कुठल्या तरी भंगारातून निघालेला. जमलं तर ईएसआर मीटर खिशात न्या.

बोर्ड एकपदरी आणि स्वस्त फिनॉलिकचा आहे, पॅड पटकन उखडतात. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर, आधी थोडं ताजं ६३/३७ (कथील-शिसं) सोल्डर मिसळा, मग विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) शोषा. कपॅसिटर काढण्याआधी त्याची ऋण बाजू फोटोत टिपून ठेवा, काही बोर्डांवर छापलेली खूण उलटी असते.

पहिला पुरवठा १०० वॉटच्या फिलामेंट बल्बच्या सिरीजमधून. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा. प्रखर पेटत राहिला तर कुठे तरी शॉर्ट आहे. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लाट दाखवणारं यंत्र) लावायचा तो फक्त सेकंडरी, म्हणजे घरच्या विजेपासून विलग बाजूला. गरम बाजूला प्रोबची अर्थ क्लिप लावली तर स्कोप, बोर्ड आणि एमसीबी एकदमच जातात.

आताचे आकडे

आधी थंड बोर्डावर, ब्राइटनेस १०० असताना १४ व्होल्टची रेल ११.२पर्यंत बुडत होती, रिपल १.४ व्होल्ट पीक-टू-पीक. आता १४.०वर स्थिर, रिपल ७० मिलीव्होल्ट. पूर्ण पांढऱ्या स्क्रीनवर चार तास चालवला, नंतर एसीच्या खोलीत रात्रभर प्लग काढून ठेवला. सकाळी पहिल्याच दाबात सुरू, दिवा मिचमिचला नाही, लुकलुक नाही.

एक गोष्ट बाकी आहे. एलईडी पट्टीच्या चार ओळींपैकी एकीच्या परतीच्या पिनवर इतरांपेक्षा २.९ व्होल्ट जास्त दिसतात, म्हणजे त्या ओळीतला एक एलईडी शॉर्ट झालाय. उजेडात फरक दिसत नाही आणि ड्रायव्हरने अजून हरकत घेतलेली नाही. त्यासाठी पॅनेल उघडून डिफ्युझरचे थर धूळ न लागता काढावे लागतील. पावसाळ्यातल्या दमट हवेत ते काम करण्यात अर्थ नाही, दिवाळीनंतर.