नवाचा ताळा

हिशेब जुळेना की आमच्या पिढीचा पहिला उपाय नवाचा. फरकाला नऊने भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत असं समजायचं. ७२ चे २७ झाले, फरक ४५. या युक्तीने मला कितीतरी संध्याकाळी शेवटच्या बसला पोचवलंय. नव्या मुलांना सांगितलं तर हसतात.

फोंड्यातल्या आमच्या बँकेच्या शाखेत एका मयत खातेदाराची ठेव वारसांना द्यायची होती. व्याज दर तिमाहीला बचत खात्यात जायचं, म्हणून मुद्दल नेमकं दहा लाख. बायको आधीच वारलेली, मुलं-मुली मिळून सात. गोव्याच्या कायद्यात मुलगा-मुलगी सारखेच, त्यामुळे वाटे सरळ सात. त्यातल्या दोन भावांनी आपले वाटे आईला सांभाळलेल्या धाकट्या बहिणीला दिलेले. त्या कागदपत्रांचं रामायण इथे नको.

मी व्हाउचरं केली. चौघांना १,४२,८५७.१४, बहिणीला ४,२८,५७१.४३.

साहेब वाचायच्या आधी लाल पेन उघडतात. बहिणीच्या रकमेभोवती गोल. "पुढचा एक उचलून मागे टाकलात."

"साहेब, तीन वाटे आहेत."

त्यांनी पैसे सोडून वजाबाकी केली: २,८५,७१४. नऊने भागलं: ३१,७४६, बाकी शून्य. "बघा, तुमचाच ताळा!"

खोटं कशाला सांगू, क्षणभर मीही डगमगलो. फरकातसुद्धा तेच सहा आकडे! काउंटरपलीकडे त्या बाईंनी फाइल छातीशी धरली. आपण जास्त मागतोय असं बँक म्हणतेय, एवढंच त्यांना कळलं असणार.

स्लिपच्या पाठीवर शाळेतला भागाकार मांडला. १ ला ७ ने भागताना दहाला सात, बाकी ३. पुढे बाक्या २, ६, ४, ५ आणि परत १. सातच्या सगळ्या बाक्या येऊन जातात, मगच चक्र फिरतं. तीन वाट्यांचा भागाकार म्हणजे त्याच चक्रात बाकी ३ पासून शिरणं. मग आकडे तेच, फक्त सुरुवात एक घर पुढे. दोन, चार, पाच, सहा वाट्यांचंही तसंच. १,४२,८५७ ची सातपट मात्र ९,९९,९९९.

घरी जाऊन १४२८५७ चा वर्ग केला: २०४०८१२२४४९. तोडून २०४०८ आणि १२२४४९ मिळवले, पुन्हा १४२८५७. म्हणजे देवळालीच्या कापरेकर मास्तरांच्या संख्यांतलीच ही एक.

तरी सल राहिलाच. आकडे फिरले की फरकाला नऊने भाग जातोच, पण भाग गेला म्हणजे चूक झालीच असं नाही, हे मला ठाऊक होतं. इथे तर आकडे खरोखरच फिरलेले, आणि तरी रक्कम बरोबर. इतकी वर्षं मुलांना मी अर्धंच सांगत आलो.

साहेबांनी सही केली. चूक कबूल केली नाही, ते अपेक्षितच होतं. पण बेरीज ९,९९,९९९.९९, एक पैसा उरला आणि संगणक व्यवहार पुढे घेईना. कोणाच्या नावावर घालू, बाईंना विचारलं.

"थोरल्याच्या नांवार घाल," त्या म्हणाल्या. "मागीर झगडें नाका."

थोरल्याला १,४२,८५७.१५ गेले.