निंबोळीलाच बुरशी

भुईमुगाचं बी उगवायच्या आधीच जमिनीत सडतं, त्यामागे बऱ्याचदा ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी असते. त्यासाठी पेरणीआधी बियाण्याला थायरम हे बुरशीनाशक चोळतात, किलोला ३ ग्रॅम. एमएस्सीला मी याच बुरशीवर निंबोळी, करंज आणि सीताफळाच्या बियांचे अर्क तपासत होते. (सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर काय होतं, तेही तेव्हाच कळलं. दळताना चष्मा लावा.)

अगारमध्ये, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या खाद्यात, अर्क मिसळायचा, प्लेट ओतायची, मधोमध बुरशीची ५ मिलिमीटरची चकती ठेवायची आणि ती किती पसरते ते पट्टीने मोजायचं. बिनअर्काची ९० मिलिमीटरची प्लेट काठोकाठ काळी झाली की मोजणीचा दिवस.

त्या दिवशी सकाळी इनक्युबेटर उघडला. निंबोळीच्या प्लेटमध्ये काळी चकती जेमतेम वाढली होती. पण तिच्याभोवती पोपटी रंगाचे ठिपकेच ठिपके! एका नाही, सगळ्या प्लेटमध्ये. सर म्हणाले, "हात नीट धुतले नव्हतेस." मला रडूच आलं. मग लक्षात आलं, करंजाच्या आणि सीताफळाच्या प्लेट त्याच हातांनी, त्याच बैठकीत ओतल्या होत्या, आणि त्या स्वच्छ होत्या.

निंबोळीतला अझाडिरॅक्टिन हा औषधी घटक उष्णतेनं जातो म्हणून मी अर्क ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेत तापवून निर्जंतुक, केला नव्हता. नुसता फडक्यातून आणि फिल्टर पेपरातून गाळला होता. बुरशीचे बीजाणू त्यातून आरामात जातात.

प्रयोगशाळेतल्या मावशींनी उरलेल्या निंबोळ्यांतली एक दाताखाली फोडली अन् थुंकली. "ताई, ही पावसात भिजलेली. गर बघा, तपकिरी झालाय. चांगला हिरवट असतो. कुठून आणली?"

बाजारातून. पोत्यात भरलेली, साल न काढलेली.

दहा निंबोळ्या फोडून गर ओल्या टिपकागदावर ठेवला. चार दिवसांत सातांवर तीच पोपटी बुरशी. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, ॲस्परजिलस फ्लेव्हस निघाली. अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी हीच. ती मी बियाण्याला औषध म्हणून चोळणार होते!

पुढच्या खेपेला मावशींनीच झाडाखालच्या पिवळ्या निंबोळ्या वेचून आणल्या, पाण्यात चोळून साल काढली आणि सावलीत वाळत घातल्या. अर्क मी ०.२२ मायक्रॉनच्या, बीजाणूही अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळला. या वेळी ठिपके आले नाहीत. काळी बुरशी मात्र थांबली नाही, मंदावली. शेजारच्या थायरमच्या प्लेटमध्ये ती चकतीबाहेर आलीच नव्हती. दोन्ही आकडे वहीत लिहिले. सरांनी पेनाची टोपी उघडली, आणि "हात" या विषयावर एक शब्द न काढता सही केली.