न दिसणारी राख

पेलेट म्हणजे शेगडीत जाळायच्या, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या. त्यांच्या पिशवीवर राखेचं प्रमाण छापलेलं असतं. युरोपीय मानकातल्या ए-१ वर्गाच्या, म्हणजे उत्तम प्रतीच्या पेलेटला ०.७ टक्क्यांची मर्यादा आहे. वाचणारा मनातल्या मनात गुणाकार करतो आणि खूश होतो. १५ किलोची पिशवी संपली की मागे उरणार जेमतेम १०० ग्रॅम, फार तर ओंजळभर. ओंडके फोडून आणि घमेल्याने राख उपसून कंटाळलेल्या माणसाला हे जवळपास फुकटच वाटतं. गुणाकार बरोबरच असतो. चुकतो तो पुढचा समज, की ही सगळी ओंजळभर राख निमूटपणे राखपेटीत जाऊन पडेल.

ती तशी पडत नाही. जड असते ती खाली बसते. हलकी धुराबरोबर निघते आणि वाटेत जिथे वळण, कोपरा किंवा आडवी पट्टी भेटेल तिथे मुक्काम ठोकते. हिवाळाभरात दोन टन पेलेट जाळले तर एकूण राख १४ किलोपर्यंत जाते. राखपेटीतली दिसते, म्हणून ती वेळच्या वेळी काढली जाते. उरलेली दिसत नाही, आणि शेगडीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिच्यातच असतं.

इन्सर्ट म्हणजे विटांच्या जुन्या फायरप्लेसच्या खोबणीत सरकवून बसवलेली पेलेटची शेगडी. हॉपरच्या, म्हणजे पेलेट भरून ठेवायच्या पेटीच्या, तळाशी ऑगर नावाचा मळसूत्री दांडा असतो, तो थोडे थोडे पेलेट उचलून बर्न पॉटमध्ये, म्हणजे ते जळतात त्या भोकांच्या भांड्यात, टाकतो. पंखे दोन. एक धूर ओढून नळीवाटे बाहेर टाकतो, दुसरा खोलीतली हवा तापलेल्या नळ्यांमधून फिरवून परत खोलीत सोडतो. या दोन हवा कुठेही एकमेकींत मिसळत नाहीत. धुराचा पंखा सतत ओढत असल्यामुळे जळणाच्या कोठीतला दाब खोलीपेक्षा कमी असतो. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली की निम्म्या बिघाडांचा उलगडा आपोआप होतो. हवा आत यावी ती बर्न पॉटच्या भोकांतूनच, अशी सगळी योजना असते. राखेने भोकं बुजली, वाटा अरुंद झाल्या, पंख्याची पाती जड झाली की शेगडी चोंदलेल्या नाकाने धावणाऱ्या माणसासारखी धापा टाकायला लागते.

बर्न पॉटचं काम रोजचं, निदान दोन-तीन पिशव्यांमागे एकदा तरी करायचंच. शेगडी पूर्ण गार हवी. तळाशी भुरभुरीत करडी राख असेल तर खरवडून पाडली की झालं. पण काळपट, काचेसारखा चकाकणारा, सच्छिद्र आणि कडक असा तुकडा चिकटलेला दिसला तर तो क्लिंकर. झाडाच्या सालीबरोबर आणि भुशात मिसळलेल्या मातीबरोबर सिलिका येते. तिला पोटॅशियमसारख्या क्षारांची जोड मिळाली की ती एरवीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळते आणि गार होताना दगड होऊन बसते. त्यामुळे पेलेटमध्ये साल आणि माती जास्त, तर क्लिंकरही जास्त. तो कडेने पटाशी घालून उचकटायचा. हातोडी मारली तर ओतीव लोखंडाचा पॉट तडकण्याची भीती असते. मग पॉट बाहेर काढून उजेडासमोर धरायचा, प्रत्येक भोकातून उजेड दिसला पाहिजे. बुजलेल्या भोकात त्याच मापाचं ड्रिलचं पातं नुसत्या हाताने फिरवायचं. यंत्र लावलं की भोक मोठं होतं आणि हवेचं गणित बिघडतं.

इग्नायटर, म्हणजे पेलेटला पेट देणारा भाग, त्याच्यासमोरचं भोक मात्र हमखास विसरलं जातं. तापलेली हवा पेलेटवर येते ती त्यातूनच. ते बुजलं की इग्नायटर धडधाकट असूनही पेट घेत नाही आणि लोक नवा इग्नायटर मागवून मोकळे होतात. पॉट परत बसवताना त्याच्या कडेखाली राखेचा एवढासा खडा अडकला तरी पॉट तिरका बसतो, आणि हवा भोकं सोडून फटीतून जाते. न पेटलेल्या पेलेटचा ढीग साचला असेल तर तो सगळा काढूनच पुन्हा पेटवायची. ढिगातून नुसता धूर निघत राहतो, कोठीत ज्वालाग्राही वायू भरतात, आणि मग एकदम भडका उडून दार हादरतं. हे काढलेले पेलेट काटकसरीपायी हॉपरमध्ये परत टाकू नयेत. एखादा आतून धुमसत असला तर आग थेट जळणाच्या साठ्यात पोचते.

ज्योत पाहायची सवय लागली की मीटर फारसे लागत नाहीत. चांगली ज्योत फिकट पिवळी, चपळ आणि आखूड असते. ज्योत नारिंगी, उंच आणि आळसावलेली, टोकाला काळा धूर सोडणारी असेल तर हवा कमी पडतेय. काचही तेच सांगते. करडा, पांढुरका थर रोजचाच, त्याची चिंता नको. काळी काजळी धरली तर काच पुसून भागणार नाही, हवा कुठे अडतेय ते शोधायचं. काच पुसायची ती गार असताना. ओला कागद राखेत बुडवून चोळला की डाग निघतात. अमोनियाचे फवारे आणि तारेची घासणी यांना इथे मज्जाव. काच शेवटी पुसावी, हा साधा नियम कितीजण पाळतात कोण जाणे. राख वरून खाली पडते, म्हणून सफाईही वरून खाली.

वरून म्हणजे उष्णता देणाऱ्या नळ्यांपासून. बऱ्याच मॉडेलना समोर एक दांडी असते, ती पाच-सात वेळा मागेपुढे केली की नळ्यांवरची राख खरवडली जाते. ही दांडी हलवायची तीही शेगडी बंद असताना. राखेचा थर उष्णतेला अडवतो, त्यामुळे पेलेट तितकेच जळतात, पण ऊब खोलीत येण्याऐवजी नळीवाटे बाहेर जाते. हा तोटा जळण लवकर संपायला लागेपर्यंत कळत नाही.

आता खरी गंमत, म्हणजे कोठीच्या मागची भिंत. विटेसारखी दिसणारी ही फळी खिट्ट्या सरकवून किंवा दोन-तीन स्क्रू काढून सुटते. ती बहुधा व्हर्मिक्युलाइटची, म्हणजे हलकी आणि ठिसूळ असते. दोन्ही हातांनी धरून काढायची आणि घडीच्या कापडावर ठेवायची. तिच्या मागे धुराच्या वाटा असतात. गरम वायू वर जाऊन मागून खाली उतरतात, दिशा बदलताना त्यांचा वेग मंदावतो आणि राख तिथे टाकली जाते. तळाशी डाव्या-उजव्या बाजूला लहान झाकणं असतात, पंखनटांनी बसवलेली. ती न उघडताच कित्येक शेगड्यांचे दोन-दोन हंगाम निघून जातात. झाकणं उघडल्यावर फळी बाहेर ठेवून कोठीच्या उघड्या पोलादी भिंतीवर रबरी हातोडीने हलके ठोके द्यायचे. आतून सरसर आवाज येतो आणि झाकणाच्या तोंडातून करड्या राखेचा ओघ सुरू होतो. थांबायचं, ओढून घ्यायचं, पुन्हा ठोकायचं. पाचव्या-सहाव्या फेरीलाही ओघ आटत नाही तेव्हा त्या ‘स्वच्छ’ शेगडीबद्दलचं मत बदलतं. उरलेली राख वाकणाऱ्या दांड्याच्या लांब ब्रशने. हे काम साधारण दर टनामागे एकदा, म्हणजे १५ किलोच्या पासष्ट-सत्तर पिशव्या झाल्या की.

वाटेच्या शेवटी धुराचा पंखा. त्याच्या पात्यांवर राखेचा थर बसतो आणि तो सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे पंखा थरथरतो, गुणगुणतो, बेअरिंग झिजतं. प्लग काढून, मोटर सोडवून, पाती मऊ ब्रशने साफ करायची. पाती वाकली तर तोल कायमचा जातो. मोटर परत बसवताना मधलं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी चकती, नवं घालावं. ते तुलनेने स्वस्त असतं, जुनं पुन्हा लावण्यात शहाणपण नाही. काही मोटरींना तेलाची भोकं असतात, तिथे दोन-चार थेंब पुरतात. बंद बेअरिंगच्या मोटरीला तेल पाजू नये. खोलीच्या पंख्यात राख नसते, धूळ आणि केस असतात. तो चोंदला की शेगडी जास्त तापते आणि तापमानाचा सुरक्षा-स्विच तिला बंद करतो.

पेलेट पडायचे मधेच थांबले की सगळ्यांचा संशय ऑगरच्या मोटरवर. बिचारी बहुतेकदा निर्दोष असते. कोठीत पुरेसा कमी दाब आहे की नाही हे पाहणारा एक दाब-स्विच असतो. दाब मिळाला नाही तर तो ऑगरचा पुरवठा तोडतो, आणि ते योग्यच आहे, कारण धूर बाहेर जात नसताना जळण टाकत राहणं घातक. तेव्हा आधी दार नीट लागलंय का ते पाहायचं, मग धुराच्या वाटा, मग स्विचला जाणारी बारीक सिलिकॉनची नळी. ती शेगडीला जिथे जोडलेली असते त्या तोंडात राख भरते. नळी काढून तारेने तोंड मोकळं केलं की प्रश्न मिटतो. नळी स्विचला जोडलेली असताना तोंडाने फुंकायची मात्र नाही, आतला नाजूक पडदा फाटतो.

दाराच्या दोरीची, म्हणजे गॅस्केटची, बाब फसवी आहे. ती झिजली तर धूर खोलीत येईल अशी आपली अपेक्षा, पण आत दाब कमी असल्याने होतं उलटंच. खोलीतली हवा फटीतून आत घुसते, भोकांच्या वाट्याची हवा पळवते आणि ज्योत मलूल होते. धूर नाही, वास नाही, म्हणून दाराकडे कुणी बघतही नाही. परीक्षा सोपी आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. अडखळत निघाली तर ठीक, अलगद सुटली तर तिथे फट. चारही बाजूंनी वीतभर अंतरावर हे करायचं. राखपेटीला वेगळं दार असेल तर त्यालाही. दोरी बदलताना खाचेतला जुना गोंद पूर्ण खरवडावा, उष्णता सोसणारा गोंद लावावा आणि नवी दोरी न ताणता बसवावी. ताणली की ती बारीक होते आणि आपण फट विकत घेतल्यासारखं होतं.

धुराच्या पंख्याच्या पलीकडे मात्र सगळा मामला उलटतो. तिथे पंखा ढकलतो, म्हणजे नळीत दाब जास्त. सांधा सुटला तर धूर खोलीत येणार. इन्सर्टची नळी जुन्या धुराड्यातून सरळ वर जाते, आणि उभ्या नळीतली राख गुरुत्वाकर्षणाने खाली येऊन शेगडीमागच्या वळणात किंवा टी-जोडात साचते. ते दिसत नाही, समोरून हात पोचत नाही. म्हणून वर्षातून एकदा इन्सर्ट रुळांवरून पुढे ओढावाच लागतो. प्लग काढायचा, समोर जाड पुठ्ठा अंथरायचा, नळीचा जोड सोडवायचा आणि दोघांनी मिळून सरकवायचा. वजन शंभर किलोच्या पुढे सहज असतं, इथे मर्दुमकी नको. नळीत तिच्याच व्यासाचा ब्रश घालून वरपासून खालपर्यंत फिरवायचा, टोकावरची टोपी आणि जाळीही पाहायची. पालापाचोळा उडवणाऱ्या यंत्राने बाहेरून राख ओढून घेण्याची युक्ती बरीच लोकप्रिय आहे. नळी भिंतीतून आडवी बाहेर जात असेल तर ती चालतेही. इन्सर्टला, जिथे तोंड छपरावर असतं, तिथे तो उद्योग करू नये. उलट्या दिशेने फुंकलं गेलं तर वर्षभराची राख बैठकीत उतरते.

हॉपरकडे राखेचा संबंध नाही, पण तिथला भुसा तसाच उपद्रवी. पेलेटचा चुरा तळाला जमतो, ऑगरच्या तोंडाशी कमान धरतो आणि वर हॉपर भरलेला असूनही खाली काहीच पडत नाही. अधूनमधून हॉपर पूर्ण रिकामा होऊ द्यावा आणि प्लग काढून तळ साफ करावा.

काढलेली राख झाकणाच्या धातूच्या डब्यात, आणि डबा घराबाहेर, फरशीवर किंवा दगडावर. राखेतला निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतो. घरातला नेहमीचा व्हॅक्यूम क्लीनर इथे वापरू नये. बारीक राख त्याच्या पिशवीतून आरपार जाऊन खोलीभर पसरते, आणि एखादा निखारा आत गेला तर पिशवीच पेटते. राखेसाठीचे धातूच्या टाकीचे व्हॅक्यूम मिळतात. तेही गार राखेपुरतेच.

हंगाम संपला की शेगडी तशीच सोडून देण्याचा मोह होतो. पण राख हवेतला ओलावा ओढते, ओली राख क्षारयुक्त असते आणि पोलादाला गंज चढवते. ऑगरमध्ये राहिलेले पेलेट फुगून भुसा होतात आणि नंतर कडक होऊन दांडा जाम करतात. म्हणून शेवटची पिशवी पूर्ण जाळून टाकायची, मग सगळी सफाई, मग प्लग काढून ठेवायचा. पुढच्या हंगामात पहिल्या जाळाला धुळीचा आणि नव्या गोंदाचा वास येतो, खिडकी उघडली की तासाभरात जातो. तो गेला नाही, धुराचा वास येत राहिला किंवा इन्सर्टच्या चौकटीवर करडी पूड दिसली, तर पंख्यापलीकडचा एखादा सांधा सुटलाय. शेगडी नेहमीच्या बटणाने बंद करून जळण संपू द्यायचं. प्लग उपटला तर पंखा थांबतो आणि उरलेला धूर खोलीतच येतो. शेगडी गार झाल्यावर इन्सर्ट पुढे ओढून जोडांना नवं सिलिकॉन लावायचं, आणि त्याच दिवशी कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून तो वाजतो का ते पाहायचं.